जागल्याला शिकवलेला आवाज

गिरजापूरच्या कोष्टीपुऱ्यात सकाळी नळाला आधी हवा येई आणि मग पाणी. तोटीतून फुसफुस सुरू झाली की ऋजुता ढवळे अंथरुणातून उठे, दाराची कडी काढी आणि बादली घेऊन ओट्यापाशी जाई. तोवर आईने शेगडीवर चहाचे आधण ठेवलेले असे आणि मधल्या भिंतीपलीकडे लताकाकूंचा हातमाग सुरू झालेला असे. धोट्याची सरसर, मग फणीचा ठोका. पुन्हा सरसर, पुन्हा ठोका. लहानपणापासून ऋजुता याच तालावर जागी होत आली होती. माग थांबला की समजायचे, काकू आता कळशी घेऊन बाहेर येणार.

त्या आल्या. केसांत सुताचे तुकडे अडकलेले, पदर कमरेला खोचलेला.

"सरक ना वं, ऋजे. कवाची बादली भरून राहिली?"

"एक मिनिट काकू, झालंच."

"तुह्या एका मिनिटात माह्या लुगड्याचा काठ विणून होते."

आईने दारातून विचारले, "लता, विरजण हाय का घरात? माह्यं काल मांजरानं सांडलं."

"हाय ना. पाठव हिले. तेवढंच काम होईल हिच्या हातून."

काकूंच्या बोलण्याला एक चाल होती. वाक्य खालच्या पट्टीत सुरू होई, मध्यावर लांबे आणि शेवटच्या शब्दावर एकदम वर जाऊन तुटे. गल्लीतल्या सगळ्याच बायका थोड्याफार अशा बोलत, पण काकूंची चाल सगळ्यांत ठसठशीत होती. ऋजुताचा कान तयार होता. लहानपणी हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांच्या ती नकला करी, आणि त्या करायला लावणाऱ्या काकूच असत. स्वतःची नक्कल मात्र त्यांनी कधी करायला लावली नव्हती.

त्यांच्या डोक्यावर, दिव्याच्या खांबाला लावलेली एक करडी डबी हे सगळे ऐकत होती. तिच्याकडे आता कोणी मान वर करून पाहत नसे.

आईला शाळेत लवकर पोचायचे होते. नऊ क्रमांकाच्या महापालिका शाळेत ती मदतनीस होती. तिथे वरच्या वर्गांना शिक्षक उरले नव्हते. शहरात कुठेतरी बसलेले एक गुरुजी पडद्यावरून एकाच वेळी तीन शाळांना गणित शिकवत आणि मुलांना त्या पडद्यासमोर बसवून ठेवणे हे आईचे काम होते. "पोरं विचारतात," ती डबा भरता भरता म्हणाली, "पण पडद्याले आयकू येत नाही."

ऋजुताने हे वाक्य विद्यापीठातल्या मित्राला, संबोध कांबळेला, सांगितले. आठवड्याभरात ते शहरातल्या भिंतींवर रंगवले गेले: खांबाला कान आहेत, पडद्याला नाहीत.

खांबावरच्या त्या यंत्राचे नाव होते जागल्या. रात्री हाळी देत गावाभोवती फिरणाऱ्या जुन्या पहारेकऱ्याचे हे नाव महापालिकेने मुद्दाम निवडले होते. जागल्याला शब्द कळत नसत आणि चेहरे दिसत नसत. तो फक्त आवाजाचा आकार मोजी. दोन माणसे शांतपणे बोलतात तेव्हा एकाचे वाक्य संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांच्यात निमिषभर मोकळी जागा असते. राग चढू लागला की ती जागा आक्रसते, मग नाहीशी होते आणि वाक्ये एकमेकांवर चढतात. त्याच वेळी गळ्यातले स्वरतंतू ताणले जातात, स्वराला सूक्ष्म कंप सुटतो; आणि भीतीचा कंप रागाच्या कंपाहून वेगळा असतो. या साऱ्याची मिळून जागल्या एक संख्या काढी. ती ठरलेल्या पातळीच्या वर गेली की जवळच्या पोलीस गाडीला आपोआप वर्दी जाई आणि त्या आवाजाचा तुकडा मुद्रित होऊन नोंदीला राही.

मात्र सगळ्या शहराला एकच पातळी लावता येत नव्हती. वकील कॉलनीत जो आवाज भांडणाचा, तोच कोष्टीपुऱ्यात नळावरच्या गप्पांचा. म्हणून प्रत्येक वस्तीची पातळी यंत्र स्वतःच शिकून ठरवी. शिकण्याची रीत साधी होती. गाडी जाऊन आली की हवालदाराने त्या वर्दीवर खूण करायची, 'तथ्य' किंवा 'निरर्थक'. एखाद्या तऱ्हेच्या आवाजावर 'निरर्थक' अशा खुणा साचत गेल्या की त्या वस्तीपुरते त्या आवाजाचे वजन जागल्या कमी करी, म्हणजे त्याच्यासाठीची पातळी वर चढवी. संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात ऋजुताने ही रीत अभ्यासली होती. यंत्र चुकांतून शिकते, यात तिला काही गैर दिसले नव्हते.

जागल्याचा उपयोग होता, हेही ती जाणून होती. दिगंबरकाका, म्हणजे लताकाकूंचे यजमान, यंत्रमाग बंद पडल्यापासून रिक्षा चालवत आणि धंदा झाला नाही की घरी येऊन हात उचलत. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होते. काकूंनी स्वतः कधी पोलिसांना फोन लावला नसता, आणि शेजाऱ्यांनी लावला असता तर पिढ्यांचे वैर झाले असते. जागल्या आल्यावर गाडी आपणहून येऊ लागली. कोणी तक्रार केली असा आळ कोणावर येत नव्हता. वर्षभरात ती दोनदा आली होती. हवालदार नंदा तायडे दोन्ही वेळा ओसरीवर बसून दिगंबरशी तासभर बोलल्या होत्या, आणि त्यानंतर पुष्कळ दिवस माग सुरळीत चालला होता.

पण जागल्या महाग होता. दरवर्षी नागरी सुरक्षा निधी फुगत गेला आणि तेवढीच शिक्षणाची तरतूद आटत गेली. 'आधी शाळा' ही विद्यार्थ्यांची चळवळ त्यातून उभी राहिली. मागणी नेमकी होती: निम्मा सुरक्षा निधी शाळांतल्या शिक्षकांसाठी, प्रत्येक प्रभागात एका समुपदेशकासाठी, आणि कोष्टीपुऱ्यासारख्या वस्त्यांत बायकांना कधीही जाता येईल अशा आधार केंद्रांसाठी वळवावा. संबोध विधी शाखेचा, वसतिगृहात राहणारा, बोलण्यात धारदार. ऋजुता त्याच्या चळवळीची आकडेवारी सांभाळी.

"आकडे छापून काय होतं?" कॅन्टीनमध्ये तो म्हणाला होता. "गेल्या वर्षी छापले. नगरसेवकांनी त्या कागदावर भजी खाल्ली."

"मग उपोषण करणार आहेस? तुला दुपारचा चहा चुकला तरी घेरी येते."

"आपण भांडू. चौकात, खोटं खोटं. पथनाट्य. जागल्या गाडी पाठवेल. गाडी आली की आपण लोकांना वाकून नमस्कार करू. ज्याला नाटक आणि भांडण यातला फरक कळत नाही, त्याच्यासाठी शाळा उपाशी का ठेवायच्या, एवढंच विचारायचं."

"यंत्र इतकं सहज फसणार नाही. शब्दांनी तर नाहीच. गळा खरा लागला पाहिजे."

"मग लाव ना. तूच लाव."

तिने चहाचा कप बाजूला ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "सोडा. सोडा म्हन्ते ना, पोरं आयकतीन…" वाक्य खालून सुरू झाले, लांबले आणि शेवटी वर जाऊन तुटले.

आसपासच्या टेबलांवरच्या माना वळल्या. गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहिला.

"कोणाचा आवाज आहे हा?" संबोधने हळू विचारले.

"आमच्या गल्लीतला," ती म्हणाली आणि तिने कप पुन्हा जवळ ओढला.

त्या हिवाळ्यात त्यांनी कोष्टीपुऱ्याच्या जवळजवळ प्रत्येक चौकात प्रयोग केले. वस्ती ऋजुतानेच सुचवली होती. तिथे तिला लोक ओळखत, आणि तिथले बोलणे तिच्या तोंडात होते. संबोध नवरा होई, ती बायको. भांडण चढत जाई, लोक जमत, आणि ती 'सोडा म्हन्ते ना' म्हणे त्यानंतर थोड्याच वेळात पोलिसांची गाडी वळणावर दिसे. गाडीतून नंदा तायडे उतरत. मग नटमंडळी रांगेत उभी राहून नमस्कार करीत आणि चौक हसण्याने भरून जाई.

"झालं का तुमचं?" तिसऱ्या प्रयोगाला तायडे म्हणाल्या. "आता आमच्या घरी येऊन माझ्या नवऱ्याशीही भांडून जा. मला सवड मिळत नाही."

"मॅडम, आमची मागणी मान्य झाली तर सवड मिळेल तुम्हाला," संबोध म्हणाला.

"मिळेल तेव्हा मिळेल." त्यांनी हातातल्या पडद्यावर 'निरर्थक' अशी खूण केली. जाता जाता त्या ऋजुताकडे वळल्या. "ओरडतेस मात्र अगदी…" त्या थांबल्या, काहीतरी आठवू पाहिल्यासारखे त्यांनी केले आणि गाडीत जाऊन बसल्या.

वसंतात महापालिकेने जागल्याचे आकडे जाहीर केले. ते जाहीर व्हावेत हीही चळवळीचीच मागणी होती. कोष्टीपुऱ्यातल्या दर चार वर्द्यांपैकी तीन निरर्थक निघाल्या होत्या. संबोधने हा आकडा पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापला. वर्तमानपत्रांनी तो उचलला, नगरसेवकांना तो आयता मिळाला. त्या तिनांत स्वतःचे प्रयोग किती, हा प्रश्न ऋजुताच्या मनात एकदा येऊन गेला. पण प्रयोग उघड्यावर झाले होते, सगळ्यांनी पाहिले होते. मग त्यात लपवण्यासारखे काय, असे म्हणून तिने तो बाजूला सारला. स्थायी समितीने निधी वळवण्याचा ठराव मान्य केला. आता फक्त सर्वसाधारण सभेचे मतदान उरले होते. ते पुढच्या शुक्रवारी व्हायचे होते.

आईने त्या संध्याकाळी शिरा केला. "शाळेत खरे गुरुजी येतीन म्हणते पोरगी," तिने भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले.

"येऊ दे बापा," लताकाकू मागावरूनच म्हणाल्या. "माह्यं तर आंगठ्यापुरतं शिक्षण झालं."

मतदानाच्या आठ दिवस आधी, गुरुवारी दुपारी ऋजुता विद्यापीठात होती. ती घरी आली तेव्हा गल्लीत माणसे उभी होती आणि शेजारचे दार सताड उघडे होते. ओसरीच्या दगडी पायरीवर रक्त सांडले होते आणि त्यावर कोणीतरी राख टाकली होती. दिगंबरने काकूंना ढकलले होते. त्या पायरीवर उजव्या हातावर पडल्या होत्या, आणि त्यानंतरही तो थांबला नव्हता. शेवटी मालाची गाडी घेऊन आलेल्या एका परक्या माणसाने त्याला धरले, आणि त्यानेच पोलिसांना फोन केला.

"गाडी आली नाही?" ऋजुताने विचारले. "आधी? आपोआप?"

दोघातिघांनी मान वर करून पाहिले. दिव्याचा खांब ओसरीपासून चार हातांवर होता.

आई घरात भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात अर्धवट निवडलेल्या तांदळाचे सूप होते.

"तू घरी होतीस?"

"व्हती ना. आज शाळा अर्धी व्हती." आई तिच्याकडे न पाहता बोलत होती. "आवाज आला. सोडा, सोडा म्हन्ते ना. मले वाटलं तूच हायेस. मांगच्या खोलीत तालीम करून राहिली. मी म्हटलं बी, ऋजे, हळू जरा, माहं डोकं दुखते."

"मग?"

"मग आवाज बंद झाला," आई म्हणाली. "मले वाटलं, आयकलं तू."

सरकारी रुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डात लताकाकू खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. उजवे मनगट तीन ठिकाणी मोडले होते. हाड जुळेल, पण बोटांना पूर्वीची चपळाई येणे कठीण, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तुटलेला धागा चिमटीत धरून पीळ देऊन जोडायला जी बोटे लागतात, ती हीच.

ऋजुताने आणलेला पेज-भाताचा डबा उघडला. काकूंनी डाव्या हाताने चमचा धरून पाहिला, मग ठेवून दिला.

"मी भरवते."

"थांब. आधी मले एक सांग." त्या छताकडे पाहत म्हणाल्या. "त्या नाटकात तू मले करतेस म्हणे."

ऋजुताने डब्याचे झाकण खाली ठेवले. "कोणी सांगितलं?"

"गल्लीत सगळ्यायले माहीत हाय. मी काही आली नाही पाहाले. मागावरून उठणं होत नाही." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मी ओरडली का लोकं हासत व्हते काय वं?"

ऋजुताला खोटे सांगता आले असते. सांगण्यासारखी खोटी वाक्ये तिला सुचलीही. "तेव्हा नाही, काकू. नंतर. गाडी आल्यावर."

"म्हन्जे हासत व्हते."

"हो."

काकूंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या हिशेबाची राहिलेली रक्कम जुळावी तसे काहीतरी होते, आणि ते पाहणे रागाहून कठीण होते. "म्हणून कोणी आलं नाही," त्या म्हणाल्या. "मी त्यादिवशी ओरडली ना, तं समोरच्या दारात दोन पोरी उभ्या व्हत्या. हासून राहिल्या व्हत्या. मले वाटलं, हासतात काहून ह्या?"

वॉर्डातली परिचारिका औषध देऊन गेली. ऋजुता घास भरवू लागली. काकूंनी निम्मा डबा संपवला.

"मंगळवारी सुटून येते म्हणे तो," तोंड पुसून घेताना त्या म्हणाल्या. "जामीन झाला. मलेही त्याच दिवशी घरी धाडतीन. जाणार कुठं मी दुसरी?"

विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून ऋजुताने जाहीर झालेले आकडे पुन्हा उघडले. आतापर्यंत तिने फक्त निरर्थक वर्द्यांचा रकाना पाहिला होता. आता तिने कोष्टीपुऱ्याच्या पातळीचा रकाना पाहिला. हिवाळ्याच्या सुरुवातीला ती शहराच्या सरासरीइतकी होती. पहिल्या प्रयोगानंतर थोडी चढली, मग प्रत्येक प्रयोगाबरोबर चढत गेली. आणि चढली होती ती सगळ्या आवाजांसाठी नव्हे. पुरुषांच्या आरडाओरड्याची पातळी जवळजवळ तशीच होती. खालच्या पट्टीत सुरू होऊन वर जाऊन तुटणाऱ्या, भीतीचा कंप असलेल्या बाईच्या आवाजाची पातळी मात्र शहरातल्या कुठल्याही वस्तीहून वर गेली होती. असा आवाज आला तर तो नाटकाचा असतो, हे जागल्या मन लावून शिकला होता. त्याला शिकवणारी तीच होती.

आणखी एक गोष्ट तिला तेव्हाच उमगली. कोष्टीपुऱ्यात असे बोलणाऱ्या एकट्या लताकाकू नव्हत्या.

रविवारी संबोध वसतिगृहाच्या गच्चीवर फलक रंगवत होता. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले, ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला आणि कठड्यावर बसला.

"पातळी खाली आणता येते?"

"आपल्या प्रयोगांच्या वर्द्या शिकवणीतून वगळल्या तर येते. जागल्या कक्षात जाऊन, ज्यांचा आवाज त्यांना समोर बसून एकेक वर्दी ओळखून द्यावी लागते. नियम आहे तसा."

"आणि त्या वगळल्या की चारातल्या तीन निरर्थक, हा आकडा?"

"चारात एकसुद्धा राहणार नाही बहुतेक."

"आणि विरोधक म्हणतील, पोरांनी स्वतःच खोट्या वर्द्या पाडल्या आणि स्वतःच मोजल्या."

"खोटं नाही म्हणणार ते."

संबोधने हातावरचा रंग अंगठ्याने खरवडला. "ऋजुता, नीट ऐक. मी पाषाण नाही. शुक्रवारी ठराव झाला की कोष्टीपुऱ्यात आधार केंद्र होतं. चोवीस तास एक बाई तिथे. लताकाकूंना जायला जागा होते, आणि त्यांच्यासारख्या पन्नास जणींना. तुझ्या आईच्या शाळेत शिक्षक येतात. शनिवारी सकाळी मी स्वतः तुझ्याबरोबर कक्षात येतो. नवऱ्याचा आवाज माझाच आहे ना? पाच दिवसांचा प्रश्न आहे."

"तो मंगळवारी घरी येतोय."

"तोवर कोणीतरी राहू शेजारी. पाळी लावू. मी राहतो."

"काकूंपाशी राहशील. बाकीच्या घरांपाशी? कुठल्या घरात, हे तुला ठाऊक आहे का? मला नाही." ती म्हणाली. "ते ठाऊक होण्यासाठीच तर तो खांब होता."

"ज्या खांबाविरुद्ध आपण लढतोय."

"हो. आणि आपली मागणी आजही बरोबर आहे. पडद्याला ऐकू येत नाही, हे खरंच आहे. पण ठराव या आकड्यावर उभा आहे, आणि तो आकडा काकूंच्या गळ्यातून काढलेला आहे."

खाली कोणीतरी ढोलकीवर घोषणेचा ठेका बसवत होते. संबोधने कठड्यावरून खाली पाहिले. "वर्ष जाईल," तो अखेर म्हणाला. "कदाचित दोन. पुढच्या वर्षी यातले निम्मे लोक नसतील. मीही नसेन."

"माहीत आहे."

"मग मला विचारायला का आलीस?"

"विचारायला नाही आले. तुझाही आवाज आहे त्यात, म्हणून सांगायला आले."

त्याने ब्रश पुन्हा उचलला, पण रंगात बुडवला नाही. "जा," तो म्हणाला. "मला अडवता येणार नाही. पण मी येणार नाही. मला ते जमणार नाही, ऋजुता."

ती जिना उतरू लागली तेव्हा त्याने मागून हाक मारली नाही. तिने ती अपेक्षिलीही नव्हती; तरी शेवटच्या पायरीपर्यंत तिचे पाऊल सावकाश पडत होते.

सोमवारी सकाळी ती जागल्या कक्षात गेली. जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत एका खोलीत तो होता. टेबलापलीकडे नंदा तायडे बसल्या होत्या. वर्द्यांच्या दुरुस्तीला खूण करणारा हवालदार हजर लागतो, म्हणून त्यांना बोलावून घेतले होते. त्यांनी ऋजुताला ओळखले. या वेळी त्यांनी विनोद केला नाही.

"दुरुस्त आकडा संध्याकाळी सभेच्या कागदपत्रांत आपोआप जातो," त्या म्हणाल्या. "तुला सांगून ठेवते. मग म्हणशील, मॅडम बोलल्या नाहीत."

"मला ठाऊक आहे, ताई."

"बस मग." त्यांनी तिच्याकडे कानाला लावायचे यंत्र सरकवले आणि एक स्वतः लावले. "तुझा असेल तर 'वगळा'. नसेल तर तसं सांग."

पहिले ध्वनिमुद्रण सोपे होते. चौकाचा गलबला, संबोधचा दरडावणारा स्वर, तिचा स्वर, शेवटी टाळ्या. वगळा. दुसरे, तिसरे तसेच. स्वतःचाच आवाज असा एकामागून एक ऐकताना तिला प्रथमच जाणवले की प्रयोगागणिक ती अधिक चांगले ओरडू लागली होती. एका जागी तिने काकूंच्या श्वासाची अडखळदेखील उचलली होती. ती कुठे ऐकली होती, हे तिला आठवले, आणि आठवू नये असे वाटले.

मग एक वेगळे आले. त्यात टाळ्या नव्हत्या. पुरुषाचा आवाज संबोधचा नव्हता. बाई तरुण होती, दुसऱ्याच कुठल्या गल्लीतली.

"ही आमची नाही," ऋजुता म्हणाली.

तायडेंनी तारीख पाहिली. "निरर्थक केलंय मी," त्या म्हणाल्या. "त्या आठवड्यात तुमचे चार खेळ झाले होते. मला वाटलं, पाचवा. मी गाडीतून उतरलेसुद्धा नाही." खूण बदलून त्यांनी 'तथ्य' केली आणि शेजारच्या कागदावर गल्लीचे नाव लिहून घेतले. "आज ड्यूटी संपली की जाऊन येते," त्या स्वतःशीच बोलल्या.

अशा आणखी दोन निघाल्या. कागदावरची नावे वाढली. खिडकीबाहेर रस्त्यावरून 'आधी शाळा'ची एक मिरवणूक गेली. घोषणा ओळखीच्या होत्या, त्यातली एक ऋजुतानेच रचलेली होती. दोघींनी ती जाईपर्यंत वाट पाहिली.

त्यानंतरचे मुद्रण फार छोटे होते. एकच वाक्य, तेही अर्धे. "सोडा. सोडा म्हन्ते…" मागे पुरुष नाही, गर्दी नाही. खांब त्यांच्याच गल्लीतला.

तिने ते पुन्हा लावायला सांगितले. मग पुन्हा.

त्या दिवसांत ती मागच्या खोलीत तालीम करीत असे. खिडकी उघडी असली तर आवाज खांबापर्यंत पोचला असता. आणि त्याच दिवसांत भिंतीपलीकडे काकू होत्या. वाक्य खालून सुरू होत होते, लांबत होते आणि जिथे तुटायला हवे तिथेच तुटत होते. हा आवाज आपल्याला ओळखू येत नाही हे ध्यानात येताच ऋजुताने कानावरचे यंत्र काढून हातात धरले.

"तुझा?" तायडेंनी विचारले.

तो तिचा असेल, तर 'तथ्य' म्हणणे म्हणजे आणखी एक खोटी नोंद. तो काकूंचा असेल, तर त्या सगळ्या टाळ्यांच्या हिवाळ्यात, ती भिंतीच्या अलीकडे असताना, एकदा अशीही वेळ येऊन गेली होती आणि तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले होते. काकूंना विचारता आले असते. त्यांनी सांगितलेही असते, कदाचित. पण हे त्यांना विचारण्याचा हक्क आपण गमावला आहे, असे तिला वाटले.

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

"मग काय करू?"

"तथ्य करा."

तायडेंनी तिच्याकडे पाहिले आणि खूण केली. पडद्याच्या कोपऱ्यात कोष्टीपुऱ्याची पातळी किंचित खाली सरकली. त्याबरोबर निरर्थक वर्द्यांचा आकडाही. ऋजुताने पाण्याचा पेला उचलून एक घोट घेतला, कानावरचे यंत्र नीट बसवले आणि खुर्ची टेबलाच्या जवळ ओढली.

"पुढचा लावा, ताई."